खिसा

बालवाडीतून येताना तिची मूठ उघडत नव्हती.
तीन जिने आवळलेली राहिली,
आणि घाडीगावकरांच्या दारासमोर
एक चिंचोका निसटला, टणटणत
खाली कुठेतरी मीटरच्या खोक्यामागे गेला.
अबोली तिथेच बसली, फतकल मारून.
बिसलेरीची बाटली घेऊन पोऱ्या वर गेला, खाली आला,
हिचं रडणं चालूच.
मी म्हटलं, खिशात ठेवायचा ना गं.
तिने फ्रॉक दोन्ही बाजूंनी चाचपला
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसा मीच काटा मारलाय.

खरंच की.
सात फ्रॉक, त्यांना मिळून खिसा एक नाही.
झालर आहे, पाठीवर बो आहे,
छातीवर सॅटिनचं टोचरं गुलाब आहे.

पलंगाखालून मशीन ओढलं.
कांजूरच्या डायसबाई वसईला राहायला गेल्या तेव्हा
दीड हजारात दिलेलं, हाताने फिरवायचं.
प्रसन्नचा निळ्या रेघांचा शर्ट घेतला,
कॉलर विरलेली, पाठ अजून धडकी.
दोन ते साडेतीन ती झोपते.
त्यातली पंधरा मिनिटं बॉबिन शोधण्यात गेली,
ते तिच्या भातुकलीत पोळपाट झालं होतं.
खडू नव्हता, साबणाच्या चिपेने आखलं.
कन्नमवार नगरात त्या दुपारी
पुनर्विकासाचा हातोडा एका लयीत पडत होता,
मी त्याच लयीत चाक फिरवत राहिले,
टीप सरळ आली, इतकी सरळ
की मी कोपऱ्यावर वळले, पुन्हा वळले, पुन्हा वळले.

चारही बाजू शिवून टाकल्या.

ती उठली. खिशात हात घालू गेली.
बोटं वरून घसरली, परत घसरली.
मला हसू आवरेना, आणि रडूही.
तिने कान लावला त्याला.
म्हणाली, हा अजून झोपलाय.

ब्लेडने उसवला. दोऱ्याचे बारके तुकडे
तिच्या केसांत, वरणात, दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसच्या फाइलीत.
मग खिसे मागायची साथच आली.
बाहुलीला खिसा. उशीला खिसा.
पडद्याला एक, खाली, तिच्या उंचीवर,
त्यात ती कावळ्यासाठी शेव ठेवते
आणि मुंग्या घेऊन जातात.
महिनाअखेरीला खिशाला कात्री लागते म्हणतात,
आमच्याकडे कात्रीलाच खिसे लागले होते.

एका रात्री माझ्या कुडत्यालाही लावला, उजवीकडे, खोल.
खालून घाडीगावकर काकांनी छताला काठी ठोकली,
मी उरलेली टीप हाताने घातली.
सकाळी बँकेच्या रांगेत हात आत गेला
आणि कितीतरी वेळ बाहेर यायला तयार नव्हता.
पस्तीस वर्षांत मी हात कुठे ठेवत होते?
आत बिस्किटाचा ओला अर्धा तुकडा होता.
माझ्या आधी तिने खिसा वापरून पाहिला होता.

फ्रॉक आता आखूड झालाय.
खाली शर्टाच्याच बाहीची पट्टी जोडलीय.
त्या आधी तिने एक अट घातली:
चिंचोका आत ठेव, आणि झोपव त्याला.
मी म्हटलं, मग काढता येणार नाही.
म्हणाली, माहितीय.

चौथी बाजू मी पुन्हा शिवली,
या वेळी बघून.

परवा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने
फ्रॉक हातात धरून विचारलं,
ताई, इथे काहीतरी गाठ येतेय, उसवून बघू का?
मी म्हटलं, नको.
तेवढी जागा सोडून फिरवा.